पांढऱ्या तंतूंचा माग

ताजा मेंदू सुरीने कापला की त्यात दोन रंग दिसतात. बाहेरची दोन-चार मिलिमीटर जाडीची साल करडी आणि तिच्या पोटातला गर पांढरा. १५४३ साली छापलेल्या शरीररचनेच्या ग्रंथात आंद्रेआस व्हेसॅलियसने हे दोन भाग वेगळे दाखवले. पांढरा भाग कशासाठी आहे, हे मात्र तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. हा गर तंतूंचा बनलेला आहे आणि तो समजून घ्यायचा तर एकेक तंतू धरून तो कुठे जातो हे पाहत गेले पाहिजे, असे निकोलस स्टेनोने १६६५ साली पॅरिसमधल्या व्याख्यानात सुचवले. हे काम किती अवघड आहे, तेही त्याने त्याच वेळी सांगून ठेवले. पुढे मॉंपेलिएच्या रेमों व्ह्यूसॉंने मेंदू तेलात उकळून घट्ट केला, खरवडत खरवडत तंतूंच्या काही जुड्या मोकळ्या केल्या आणि १६८४ साली त्यांची चित्रे छापली. स्किझोफ्रेनियात या पांढऱ्या भागात काय वेगळे असते आणि ते वेगळेपण घराण्यात उतरते का, हा प्रश्न पडायला अजून दोनशे वर्षे जायची होती.

पांढरा रंग येतो तो मायलिनमुळे. हे नाव रूडॉल्फ फिर्खोने १८५४ साली दिले. चेतापेशीपासून निघणाऱ्या लांब तंतूभोवती या स्निग्ध पदार्थाचे वेढ्यावर वेढे बसलेले असतात. मेंदूत हे वेढे ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी घालतात; त्यांना स्पॅनिश संशोधक पिओ देल रिओ-ओर्तेगाने १९२१ मध्ये नाव दिले. उघड्या तंतूतून संदेश सेकंदाला एखाद-दोन मीटर सरकतो, तर जाड वेष्टण असलेल्या तंतूतून तो शंभर मीटरपर्यंत पळतो. विशीतल्या माणसाच्या मेंदूतले वेष्टित तंतू एकापुढे एक मांडले, तर त्यांची लांबी दीड लाख किलोमीटर किंवा त्याहून जास्त भरते. मेंदूचा जवळजवळ निम्मा भाग असा निव्वळ दळणवळणाला लागतो.

हे तंतू डोळ्यांना दिसू लागले ते रंगाऱ्याच्या कसबामुळे. १८८४ साली कार्ल वायगर्टने मायलिन रंगवण्याची कृती प्रसिद्ध केली. मेंदूचा तुकडा पोटॅशियम बायक्रोमेटच्या नारिंगी द्रावणात आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवायचा. तो कडक झाला की त्याचे पातळ काप काढून हिमॅटॉक्सिलिनमध्ये रंगवायचे. काप आधी सगळाच काळा होतो. मग तो दुसऱ्या द्रावणात धुवायचा आणि नजर हलू द्यायची नाही, कारण रंग कमी उतरला तर काहीच उमगत नाही आणि जास्त उतरला तर बारीक तंतू पुसले जातात. हात बसलेल्या माणसाने नेमक्या क्षणी काप बाहेर काढला की पेशींचा भाग फिका पिवळसर होतो आणि मायलिनचे तंतू गडद निळे-काळे उरतात. निसर्गातला पांढरा भाग, म्हणजेच श्वेत द्रव्य, काचेवर काळा दिसतो. मेंदूच्या जुन्या नकाशांत श्वेत द्रव्य काळ्या रंगात आढळते, ते यामुळे.

लाइप्झिगच्या पाउल फ्लेक्सिगने दुसरी युक्ती वापरली. नवजात अर्भकाच्या मेंदूत सगळे तंतू एकाच वेळी वेष्टित होत नाहीत. काही जुड्या जन्माआधी तयार असतात, काही महिन्यांनी होतात, तर काहींना वर्षे लागतात. ज्या जुडीवर मायलिन आधी चढले ती बाकीच्या गर्दीतून आपोआप उठून दिसते. या क्रमावरून फ्लेक्सिगने १८७६ साली मेंदूतल्या मार्गांवरचा ग्रंथ लिहिला. व्हिएन्नात थिओडोर माइनर्टने तंतूंची विभागणी केली : मेंदूच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे जाणारे जोडतंतू आणि मेंदूतून खाली शरीराकडे उतरणारे तंतू. विचार जुळतात ते या जोडतंतूंमुळे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्याकडे काही महिने शिकलेल्या कार्ल वेर्निकेने या विचारातून मानसिक आजाराचा सिद्धान्त काढला. जागा शाबूत असतात, पण त्यांच्यातले दुवे सुटतात. मग विचार एकमेकांपासून तुटून सुटे तरंगू लागतात आणि त्यातून भास आणि भ्रम निपजतात. वेर्निकेने या दुवे सुटण्याला ‘सेयुंक्त्सियोन’ असे नाव दिले. १९०५ साली सायकलच्या अपघातात तो गेला. १९१३ मध्ये कार्ल यास्पर्सने या साऱ्या परंपरेला ‘मेंदूची पुराणकथा’ म्हणून निकालात काढले. पुरावा नव्हता हे यास्पर्सचे म्हणणे योग्यच होते. पण वेर्निकेची कल्पना चुकीची होती असे त्यातून ठरत नव्हते; तिला तपासणारे साधन तेव्हा जगात नव्हते.

फ्लेक्सिगच्या दवाखान्यातली एक हकीकत या इतिहासात वारंवार सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. मनोविकारांचा फारसा अनुभव नसताना मेंदूच्या रचनेवरच्या कामाच्या बळावर फ्लेक्सिगला लाइप्झिगच्या विद्यापीठात मनोविकारशास्त्राची गादी मिळाली आणि १८८२ साली त्याचे रुग्णालय सुरू झाले. तिथे दोनदा, १८८४ आणि १८९३ मध्ये, डानिएल पाउल श्रेबर हे न्यायाधीश दाखल झाले. पुढे १९०३ साली त्यांनी आपल्या आजाराच्या आठवणी स्वतःच छापल्या. आपल्या चेतातंतूंवर दैवी किरणांचा अंमल चालतो आणि या सगळ्यामागे डॉक्टर फ्लेक्सिगचा हात आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. ज्या डॉक्टरने आयुष्यभर चेतातंतूंचा माग काढला त्याच्याच रुग्णाने आपले दुःख तंतूंच्या भाषेत मांडावे, यात त्या काळाची सगळी बौद्धिक हवा उतरलेली आहे. रुग्णाच्या बाजूने लिहिलेले इतके सविस्तर टिपण त्या काळात दुसरे क्वचितच सापडेल.

फ्लेक्सिगकडे थोडा काळ काम करून बाहेर पडलेल्या एमिल क्रेपेलिनने वेगळी वाट धरली. मेंदूच्या कापांकडे पाहण्यापेक्षा रुग्णाच्या आयुष्याचा प्रवास नोंदवायचा, असे त्याने ठरवले. तरुणपणी सुरू होऊन माणसाला खालावत नेणाऱ्या आजारांना त्याने १८९० च्या दशकात ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ या एका नावाखाली आणले. झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलरला ते नाव पटले नाही. आजार नेहमी तरुणपणीच येत नाही आणि शेवट नेहमी बुद्धी जाण्यात होत नाही, हे त्याने रुग्णांबरोबर राहून पाहिले होते. २४ एप्रिल १९०८ रोजी बर्लिनमध्ये त्याने ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द मांडला आणि १९११ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. विचारांचे परस्परांशी असलेले सांधे सैल होणे हे ब्लॉयलरच्या मते आजाराचे मूळ लक्षण. मराठीत याला ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द रूढ झाला. एका माणसात दोन माणसे, असा अर्थ त्यातून पुष्कळदा घेतला जातो; तो मुळात नव्हता. छिन्न होतात ते दुवे.

घराण्याचा प्रश्नही याच सुमारास पुढे आला. वेड्यांच्या इस्पितळांत दाखल करताना ‘घरात आणखी कोणाला?’ हे विचारून लिहून ठेवण्याची पद्धत जुनीच होती. पण त्या नोंदींतून हिशेब काढण्याची शिस्त क्रेपेलिनच्या म्युनिक शाखेतल्या एर्न्स्ट रूडिनने आणली. रुग्णांच्या सगळ्या भावंडांची मोजदाद करून, विल्हेल्म वाइनबेर्गच्या गणिती दुरुस्त्या लावून त्याने १९१६ साली आकडे छापले. आईबाप दोघेही निरोगी असतील तर रुग्णाच्या भावंडांत हा आजार शेकडा चार-पाच जणांना दिसत होता. म्हणजे बाकी समाजापेक्षा कितीतरी जास्त, पण मेंडेलच्या साध्या नियमाने यावा त्यापेक्षा कितीतरी कमी. हा निष्कर्ष आजही टिकून आहे.

त्याच रूडिनने पुढे काय केले हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. १४ जुलै १९३३ रोजी जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. त्यातल्या आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता आणि कायद्याच्या अधिकृत भाष्याच्या लेखकांत रूडिन. या कायद्याखाली सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी झाली. १९४० आणि १९४१ मध्ये सहा केंद्रांत ७० हजारांहून अधिक रुग्णांना विषारी वायूने मारण्यात आले आणि नंतर इस्पितळांमधून उपासमार व औषधांनी हत्या चालूच राहिल्या. रूडिनचाच विद्यार्थी फ्रान्त्स काल्मान याने रुग्णांच्या निरोगी नातलगांपैकी काहींचीही नसबंदी करावी असे १९३५ मध्ये सुचवले होते. तो स्वतः ज्यू वंशाचा असल्याने १९३६ मध्ये त्याला अमेरिकेत पळावे लागले. जर्मनीत २ लाख २० हजारांपासून २ लाख ७० हजारांपर्यंत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची नसबंदी किंवा हत्या झाली, असा अंदाज संशोधकांनी २०१० साली मांडला. युद्धानंतर तिथे नव्या रुग्णांचे प्रमाण घटलेले दिसले नाही. आनुवंशिकतेच्या नावावर हे झाले, आणि त्या आनुवंशिकतेचे मोजलेले आकडेच तेव्हा सांगत होते की रुग्णांची बहुतेक भावंडे आजारी पडत नाहीत.

१९३० च्याच दशकात श्वेत द्रव्यावर प्रत्यक्ष सुरी चालली. नोव्हेंबर १९३५ मध्ये लिस्बनला एगास मोनिझच्या देखरेखीखाली रुग्णांच्या कवटीला भोके पाडून पुढच्या खंडातले पांढरे तंतू आधी अल्कोहोल टोचून आणि नंतर तारेच्या फासाने तोडले गेले. शस्त्रक्रियेचे नाव ल्यूकोटॉमी, म्हणजे शब्दशः ‘पांढरे कापणे’. मोनिझचे गृहीत वेर्निकेच्या उलट होते. आजारी माणसाचे विचार ठरावीक वाटांवर घट्ट बसलेले असतात, त्या वाटा तोडल्या की तो सुटेल, असे त्याला वाटे. त्याला १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमनने ही शस्त्रक्रिया हजारोंच्या संख्येने पसरवली. बंगळूरच्या मनोरुग्णालयातही ती १९४० च्या दशकात झाली. तंतू कापल्यावर रुग्ण शांत झाले, पण इच्छा, पुढाकार आणि माया यांतले बरेच काही त्या तंतूंबरोबर गेले. १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिन हे औषध आले आणि ही सुरी हळूहळू मागे पडली.

कापांच्या वाटेने शोधणारेही त्याच वर्षी थकले. रोममध्ये १९५२ साली भरलेल्या मेंदूविकृतिशास्त्राच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत स्किझोफ्रेनिया हा मोठा विषय होता, आणि निश्चित खूण सापडत नाही असाच तिचा सूर राहिला. मेंदूत काही सापडत नाही म्हटल्यावर दोष घराकडे वळला. १९४८ मध्ये फ्रिडा फ्रॉम-राइखमनने ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ ही कल्पना मांडली होती, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे असंख्य आया आपल्याच मुलाच्या आजाराच्या आरोपी होऊन डॉक्टरांसमोर बसल्या. आधी रक्ताने दोषी, मग वागणुकीने दोषी अशी ही कुटुंबांची फरपट होती.

रक्त आणि वागणूक वेगळी करून पाहण्याचा मार्ग दत्तक मुलांनी दाखवला. लेनर्ड हेस्टनने अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांपासून जन्मानंतर लगेच दूर झालेल्या ४७ मुलांचा मोठेपणी शोध घेतला. त्यांच्यापैकी ५ जणांना आजार झाला होता. तुलनेच्या ५० मुलांत कोणालाही नाही. हे १९६६ साली छापून आले. दोन वर्षांनी सेमूर केटी आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कच्या दत्तक नोंदवह्यांतून तीच दिशा दाखवली. वारसा होता, आणि तो आईच्या वागण्यातून येत नव्हता. अर्विंग गॉट्समन आणि जेम्स शील्ड्स यांनी १९६७ मध्ये त्याचे स्वरूप मांडले : अनेक जनुकांचे लहानलहान वजन साचत जाते आणि ते एका मर्यादेपलीकडे गेले की आजार प्रकट होतो. गॉट्समनने १९९१ मध्ये गोळा केलेल्या आकड्यांत सर्वसाधारण समाजात धोका १ टक्का, रुग्णाच्या भावंडात ९, मुलात १३ आणि एकसारख्या जुळ्यात ४८ टक्के होता. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात. शंभर भावंडांपैकी एक्क्याण्णव जणांना आजार होत नाही, आणि सुमारे त्रेसष्ट टक्के रुग्ण असे असतात ज्यांच्या पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीच्या नात्यात दुसरा रुग्णच नसतो.

गॉट्समन आणि शील्ड्स यांनी आणखी एक शब्द मनोविकारशास्त्रात आणला, आणि तो आणला नाकतोड्यांवरच्या संशोधनातून. ‘एंडोफिनोटाइप’ म्हणजे आत दडलेली, साध्या डोळ्यांना न दिसणारी, पण जनुकांच्या जास्त जवळची खूण. अशी खूण असेल तर ती आजारी माणसात ठळक आणि त्याच्या निरोगी भावंडात पुसट दिसायला हवी. पण ती शोधायची कुठे, हे तेव्हा उघड नव्हते.

जिवंत मेंदूत डोकावण्याची सोय १९७० च्या दशकात झाली. लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉन्स्टन, टिमथी क्रो आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये सीटी स्कॅनवर दाखवले की दीर्घकाळ आजारी असलेल्यांच्या मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या मोठ्या आहेत. १९९० मध्ये एमआरआयवर एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्या तपासल्या गेल्या. प्रत्येक जोडीत एकाला आजार होता, दुसऱ्याला नव्हता. नुसत्या नजरेने चित्रे पाहून १२ जोड्यांत आजारी कोण ते ओळखता आले. जनुके तीच, तरी मेंदू वेगळा. श्वेत द्रव्याकडे बोट दाखवणारा एक पुरावा मात्र दुर्मीळ आजारातून आला. मेटाक्रोमॅटिक ल्यूकोडिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजारात मायलिन नष्ट होत जाते. तो किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात सुरू झाला तर जवळपास निम्म्या रुग्णांत भास-भ्रमांची लक्षणे दिसतात, हे १९९२ मध्ये जुन्या नोंदी चाळून दाखवण्यात आले. त्या वयाआधी किंवा नंतर सुरू झाला तर असे क्वचितच घडते. पुढच्या खंडाकडे जाणारे तंतू जेव्हा अजून वेष्टित होत असतात नेमक्या त्याच वयात मायलिन बिघडले तर मन स्किझोफ्रेनियासारखे वागते, ही गोष्ट अतिशय बोलकी आहे.

स्टेनोने मागितलेले साधन अखेर पाण्याच्या रूपाने हाती आले. पेंढ्याच्या घट्ट जुडीत पाणी ओतले तर ते काड्यांच्या लांबीने झरझर जाते, आडवे जायला अडखळते. मेंदूतले पाण्याचे रेणूही तंतूंच्या दिशेने जास्त मोकळे हलतात. हे हलणे एमआरआयने टिपण्याचे काम फ्रान्समध्ये डेनी ल ब्यांने १९८० च्या दशकात केले आणि १९९४ मध्ये पीटर बॅसर व सहकाऱ्यांनी त्याला ‘डिफ्यूजन टेन्सर’चे गणित दिले. त्यातून एक आकडा निघतो, शून्य ते एक यांच्या दरम्यानचा. पाणी सगळीकडे सारखेच हलत असेल तर तो शून्याजवळ, एकाच दिशेने हलत असेल तर एकाजवळ. हा आकडा म्हणजे मायलिनचे माप नव्हे, हे विसरून बरेच लिहिले गेले. तंतू एकमेकांना छेदत असतील, जुडीत तंतू कमी असतील किंवा पेशींबाहेर पाणी साचले असेल तरीही तो उतरतो. रुग्णाने स्कॅनमध्ये डोके जरासे हलवले तरी त्यात फरक पडतो.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर हे तंत्र पहिल्यांदा १९९८ च्या सुमारास वापरले गेले. त्याआधी १९९५ मध्ये कार्ल फ्रिस्टन आणि क्रिस्टोफर फ्रिथ यांनी आजार म्हणजे भागाभागांतल्या जोडणीतला बिघाड, ही वेर्निकेच्या कुळातली कल्पना नव्या भाषेत मांडली होती. २००१ साली मृत रुग्णांच्या मेंदूतल्या पुढच्या भागाची जनुकीय तपासणी झाली तेव्हा मायलिनशी निगडित जनुकांचे काम मंदावलेले आढळले. त्यानंतर अभ्यासांचा पूर आला. पण प्रत्येक ठिकाणी वीस-तीस रुग्ण, वेगळे यंत्र, वेगळे गणित आणि वेगळे उत्तर. हा गोंधळ बराच निवळला तो २०१८ मध्ये. एनिग्मा या जागतिक गटाने २९ ठिकाणांचे १,९६३ रुग्ण आणि २,३५९ निरोगी व्यक्ती एकाच पद्धतीने तपासल्या. २५ पैकी २० भागांत रुग्णांचा आकडा कमी निघाला. सर्वांत ठळक फरक मेंदूच्या दोन अर्धगोलांना सांधणाऱ्या कॉर्पस कॅलोसममध्ये आणि पुढच्या खंडाकडे पंख्यासारख्या पसरणाऱ्या तंतूंत. एखादी तार तुटलेली नव्हती. जवळजवळ सगळे जाळे थोडेथोडे सैल होते. फरक पक्का असला तरी छोटा आहे. रुग्ण आणि निरोगी यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एका माणसाचा स्कॅन पाहून निदान करता येत नाही.

नातलगांचे चित्र याहून अवघड निघाले. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून असे दिसते की हा आकडा माणसामाणसांत कमी-जास्त असण्यात अर्ध्याहून मोठा वाटा वारशाचा असतो. म्हणून निरोगी भावंडांत तो रुग्ण आणि इतर यांच्या मध्ये पडेल, अशी अपेक्षा होती. अनेक अभ्यासांत तसे आढळलेही, विशेषतः पुढच्या खंडाच्या तंतूंत. काहींत काहीच आढळले नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात नातलगांचा आकडा काही भागांत कमी, तर काही भागांत उलट जास्त निघाला. धोक्याचे वजन अंगावर असूनही जे आजारी पडत नाहीत त्यांच्या मेंदूने काही भरपाई केली असावी, असा अर्थ काही जण लावतात. धोका असूनही निरोगी राहणाऱ्यांच्या अभ्यासाची ही वाट आजारी माणसांवरच्या अभ्यासाइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिच्यावर काम फार थोडे झाले आहे.

काही घराणी या शोधात एकट्याने मोठा भार उचलून गेली. स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या कुटुंबात पहिल्या आणि अकराव्या गुणसूत्राचे तुकडे अदलाबदल झालेले आढळले. ज्यांच्यात ही अदलाबदल होती त्यांच्यात मनोविकारांचे प्रमाण खूप जास्त होते, हे १९९० मध्ये छापले गेले आणि तुटलेल्या जागेतल्या जनुकाला २००० साली डिस्क-१ हे नाव मिळाले. एडिंबराला जॉन्स्टन यांनी १९९४ पासून १६ ते २४ वयाच्या, जवळच्या नात्यात किमान दोन रुग्ण असलेल्या तरुणांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. दीडशेहून अधिक जणांपैकी साधारण २० जणांना पुढे आजार झाला. बाकीचे आपापल्या आयुष्याला लागले.

या सगळ्या अभ्यासांना भावंडे आणि आईवडील स्वतःहून येतात. कुटुंबांवरचा आरोप उतरल्यावर त्यांनी स्वतःच्या संघटना उभारल्या. अमेरिकेत १९७९ साली अशी संघटना निघाली; पुण्यात जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटात अतुल कुलकर्णींनी साकारलेल्या शेषबरोबर त्याची बहीणही मध्यभागी उभी आहे. धोका वाहणारी आणि सांभाळ करणारी अशी एकच व्यक्ती. स्कॅनच्या अरुंद नळीत अर्धा-पाऊण तास डोके न हलवता पडून राहते ती पुष्कळदा अशीच एखादी बहीण असते. तिच्या मेंदूतल्या पांढऱ्या तंतूंचा आकडा भावाच्या आकड्याशेजारी मांडला जातो.